नव्वदी ओलांडलेला शेतकरी व घराण्याची आठवण

विजापूरच्या बुरुजावर ‘मुलूख-मैदान’ या नांवाची जी प्रचंड तोफ आहे, तिचा जन्म केव्हां झाला हें आपणांस निश्चित सांगतां येतें. इ. स. १५४९ सालीं ती अहमदनगरास ओतली गेली. ओतणाऱ्या कारागिराचें नांव व सन हीं दोन्ही तिच्या अंगावर कोरलेलीं आहेत. पुढें ती परांड्याच्या किल्ल्यांत होती व इ. स. १६३२ सालीं तेथून विजापुरास नेण्यांत आली. त्याच परांडा तालुक्यांत सोनारी नांवाचें गांव आहे. तेथील एखाद्या घरीं जाऊन, “आपले पणजोबा कोणत्या सालीं जन्मले?” असें विचारावें, तर उत्तर बहुधा असें मिळेल कीं, “मोठ्या दुष्काळांत ते गुडघ्याएवढे होते.” तोफेस सन आहे, त्या तोफेच्या सावलीखालीं पिढ्यान् पिढ्या ज्वारी पिकविणाऱ्या माणसास सन नाहीं.

आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त निघणाऱ्या या पुस्तिकेंत देवळाचा पाया केव्हां घातला, घंटा केव्हां आली व कोणकोणते फादर येऊन गेले, ही हकीकत इतर पानांवर आलीच आहे. आम्हीं येथें निराळा विषय घेतला आहे. घरांत एखादा शेतकरी नव्वद-पंचाण्णव वर्षें जगून जातो, आणि त्याच्या मागें मुला-नातवंडांजवळ ज्या आठवणी राहतात, त्यांस इतिहास म्हणावें कीं काय, व म्हणावयाचें तर केव्हां, हा तो विषय होय.

सोनारीच कां?

सोनारी हें श्रीकाळभैरवनाथाच्या देवस्थानामुळें दूरवर प्रसिद्ध असलेलें गांव. कित्येक घराण्यांचें तें कुलदैवत. चैत्रांत तेथें मोठी यात्रा भरते. मग कॅथलिक धर्मग्रामाच्या पुस्तिकेंत त्याचें नांव कां, असें कोणी विचारील. कारण सरळ आहे. परांडा तालुका निजामाच्या मुलखाच्या अगदीं पश्चिम कडेस होता. उत्तरेस जामखेड, पश्चिमेस करमाळा व दक्षिणेस बार्शी, असा तिन्ही बाजूंनीं इंग्रजी मुलूख. नगराजवळ उगम पावलेली सीना नदी या तालुक्याच्या कडेनें खालीं उतरते. नगर भागांतील आपल्या घराण्यांचे पूर्वज व सोनारीचा शेतकरी हे एकाच कोरडवाहू पट्ट्यांतले. दोघेही पाऊस चुकला कीं आभाळाकडे सारखेच पाहणारे. राज्य निराळें, नाणें निराळें, उपासना निराळी. परंतु दोघांचा दुष्काळ एकच. शिवाय सरहद्दीवरच्या माणसास इतिहास जरा अधिक जवळून भेटतो. म्हणून नमुन्यादाखल आम्हीं हें गांव घेतलें.

वाचकहो, येथें आपण एका विशिष्ट गृहस्थाचें चरित्र लिहीत नसून एक माप घेत आहों. इ. स. १८९० च्या सुमारास सोनारीस जन्मलेला व ९३ वर्षें जगून १९८३ च्या सुमारास वारलेला एक शेतकरी डोळ्यांपुढें आणावा. असा मनुष्य जन्मला तेव्हां सहावा निजाम मीर महबूब अलीखान गादीवर होता. तो ऐन तारुण्यांत असतां १९११ सालीं मीर उस्मान अलीखान आला. त्याच्याच नांवावरून धाराशीवचें उस्मानाबाद झालें. १९४८ सालीं तें राज्य गेलें. १९५६ सालीं मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यांत आला. १९६० सालीं महाराष्ट्र झाला. (जिल्ह्याचें नांव पुन्हां धाराशीव झालें तें २०२३ सालीं, तें पाहावयास तो राहिला नव्हता.) इतकीं राज्यें बदललीं, परंतु तो मनुष्य आपल्या बांधावरून हालला नाहीं. राज्यें त्याच्या शेतावरून गेलीं, असेंच म्हटलें पाहिजे.

दुष्काळ हेंच पंचांग

खेड्यांतील वृद्ध मनुष्य सनावळी सांगत नाहीं. त्याच्या काळाचे खुंटे निराळे असतात. त्यांत पहिला खुंटा दुष्काळ. परंतु ‘मोठा दुष्काळ’ या शब्दानें फसूं नये. १८७६ ते ७८ चा दुष्काळ हा आजाचा मोठा दुष्काळ. १८९९-१९०० चा, म्हणजे शके १८२१ चा, हा बापाचा. आणि १९७२ चा हा नातवाचा. घरांत तिघेही एकच शब्द वापरतात, व चौथ्या पिढीस तीन दुष्काळांचा एकच होतो. तेव्हां एका खुंट्यास दुसऱ्या खुंट्याचा ताण द्यावा लागतो. म्हातारा म्हणाला कीं, “त्या साली वैरण नव्हती, दावणीचीं गुरें उभ्या उभ्या मेलीं,” आणि पुढें म्हणाला कीं, “कुर्डूवाडीहून बार्शीला आगगाडी नुकतीच लागली होती,” तर १८९९ चा दुष्काळ निश्चित समजावा. कारण बार्शी लाइट रेल्वेची ती पहिली चिंचोळी वाट १८९७ सालीं सुरू झाली, आणि गुरांचा भयंकर संहार हें १८९९-१९०० च्या दुष्काळाचें मोठें लक्षण होतें. हैदराबाद संस्थानची लोकसंख्या १८९१ च्या खानेसुमारीत सुमारें १ कोटि १५ लक्ष होती. १९०१ सालीं ती सुमारें १ कोटि ११ लक्ष भरली. दहा वर्षांत वाढ तर नाहींच, उलट चार लक्षांची खोट. आपला सोनारीचा मुलगा त्या वेळीं नऊ-दहा वर्षांचा. तो वांचला, म्हणूनच ‘मोठ्या दुष्काळां’ची आठवण सांगणारें घराणें उरलें. जीं घरें बुडालीं त्यांची आठवण सांगावयास कोणी नाहीं, हें लक्षांत ठेवावें.

दुसरा खुंटा रोगाचा. ‘गाठीचा ताप’ म्हणजे प्लेग. तो १८९६ सालीं मुंबईस आला व तेथून देशांत पसरला. ‘मानमोडी’ म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएंझा. गांवोगांव घरांतील सगळींच माणसें एकाच वेळीं अंथरुणास खिळलीं, पाणी देणारें कोणी उरलें नाहीं, अशी आठवण अनेक घराण्यांत आहे. त्याच वर्षीं पाऊसही गेला होता. १९११ ते १९२१ या दशकांत सबंध हिंदुस्थानची लोकसंख्या वाढण्याऐवजीं किंचित् घटली. घरांतील एखादी स्त्री “मानमोडीच्या साली विधवा झाली” एवढेंच ज्ञात असेल, तरी तिच्या वैधव्याचें साल आपणांस मिळालें.

सहा कलदार म्हणजे सात हाली

सरहद्दीवरच्या म्हाताऱ्याच्या आठवणींत नाकें फार येतात. सोनारीकडील शेतकऱ्यास माल विकावयाचा तर मोठी पेठ बार्शीची, आणि बार्शी इंग्रजी मुलखांत. तेव्हां मध्यें निजामाच्या करोडगिरीचें नाकें, म्हणजे जकात. इकडे चालणारा रुपया ‘हाली शिक्क्या’चा, तिकडचा ‘कलदार’. सामान्यतः ६ कलदारांस ७ हाली असा भाव असे. म्हणजे बार्शीच्या आडत्यानें ६० कलदार दिले तर गांवीं ते ७० हाली झाले. नातवंडें जेव्हां सांगतात कीं, “आमच्या आजोबांनीं अमुक रुपयांस बैलजोडी घेतली,” तेव्हां प्रथम विचारावें: कोणते रुपये? १९५० नंतरच्या दशकांत हाली शिक्का व्यवहारांतून गेला, आणि हा प्रश्नच लोक विसरले.

तीच गोष्ट सनाची. निजामी कागदांवर फसली सन असे; त्याचें वर्ष आजूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या ६ तारखेच्या सुमारास, सुरू होई. फसली सनांत ५९० मिळविले म्हणजे वर्ष ज्या इसवी सनांत सुरू झालें तें निघतें. जानेवारीनंतरची तारीख असल्यास ५९१ मिळवावे. कोणाच्या पेटींत फसली १३३९ चें खरेदीखत निघालें, तर तें १९२९ च्या ऑक्टोबरपासून १९३० च्या ऑक्टोबरपर्यंतच्या काळांतलें. एवढा हिशेब ठाऊक नसल्यामुळें चांगले कागद ‘वाचतां येत नाहींत’ म्हणून अडगळींत जातात.

सहा वर्षांचा पुरावा

सन ठाऊक असणें ही केवळ पंडितांची हौस नव्हे. १९४९ सालीं जहागिऱ्या रद्द झाल्या, आणि १९५० सालीं हैदराबादचा कूळकायदा आला. दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या कुळास ‘संरक्षित कूळ’ म्हणून हक्क मिळावयाचा, तर त्यानें ती जमीन सतत सहा वर्षें कसलेली असली पाहिजे. आणि तीं सहा वर्षें कोठलीं, हें कायद्यानें नेमून दिलें होतें. फसली १३४२ ते १३५२ या अवधींतील सहा वर्षें हा एक प्रकार. १ जानेवारी १९४८ च्या लगत पूर्वींचीं सहा वर्षें हा दुसरा. फसली १३५३ च्या आरंभापासून, म्हणजे ६ ऑक्टोबर १९४३ पासून, कायदा सुरू होण्यापूर्वीं पुरीं झालेलीं सहा वर्षें हा तिसरा.

आतां साठीच्या घरांतील त्या कुळाची स्थिति मनांत आणावी. तो जन्मभर शेत कसत आला, परंतु “कोणत्या सनापासून?” या प्रश्नास त्याच्याजवळ उत्तर काय? “थोरल्याचें लग्न झालें त्याच्या आदल्या साली बांध धरला.” थोरल्याचें लग्न केव्हां झालें हें कोठें लिहिलेलें असेल, तर त्याची आठवण पुरावा झाली, नसेल, तर ती नुसती गोष्ट राहिली. पिढ्यान् पिढ्या कसलेली जमीन जावी कीं राहावी, हें एका लग्नाच्या सनावर ठरूं शकत होतें. याच जिल्ह्यांतील उपळा गांवीं ३२ एकर जमीन वानरांच्या नांवें सरकारदप्तरीं नोंदलेली असल्याचें २०२२ सालीं वृत्तपत्रांत प्रसिद्ध झालें, व लोकांस त्याचें मोठें कौतुक वाटलें. आम्हांसही वाटलें, परंतु मनांत आलें तें असें कीं, कोणा पुण्यवंतानें नोंद केली म्हणून मुक्या प्राण्याचेंही नांव टिकलें, आणि नोंद नाहीं म्हणून बोलत्या माणसाचें गेलें.

आठवण जेथें गप्प बसते

वृद्धाची आठवण पूज्य आहे. तरी ती तपासून घ्यावी लागते. पहिला दोष वयाचा. खेड्यांतील वृद्ध आपलें वय नव्वद, शंभर असें वाटोळें सांगतात. खानेसुमारीच्या तक्त्यांतही शून्य व पांच या आंकड्यांवर संपणाऱ्या वयांची गर्दी दिसते. आपल्याकडे असंख्य वृद्धांचा कागदोपत्रीं जन्मदिवस १ जून आहे. याचें कारण एवढेंच कीं, मुलगा शाळेंत घालतांना मास्तरांनीं सोईसाठीं ती तारीख लिहून टाकिली. तेव्हां ‘एकशें दहा वर्षें जगले’ असें कोणी म्हटलें, तर अविश्वासानें हंसूं नये व लगेच दगडावरही कोरूं नये. पहिल्या आठवणीचा दुष्काळ कोणता, लग्न कोणत्या सालीं, थोरलें मूल केव्हां, हें विचारीत जावें. बहुधा शंभरांतून आठ-दहा वर्षें गळतात. आणि उरतात तींही थोडीं नव्हेत.

दुसरा दोष याहून गंभीर. १९४७-४८ सालीं रझाकारांच्या भयानें सरहद्दीवरच्या गांवांतील पुष्कळ कुटुंबें गाड्या जुंपून सरहद्दीपलीकडे, विशेषतः बार्शी व सोलापूरकडे, निघून गेलीं. तीं हकीकत घराघरांत सांगतात. कोणत्या नातेवाइकाकडे उतरलों, गुरें कोणाच्या स्वाधीन केलीं, हेंही सांगतात. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं हिंदी फौज सोलापूरच्या बाजूनें नळदुर्गाकडे घुसली व १७ तारखेस निजामानें शरणागति दिली, हें सर्वांस पाठ आहे. परंतु त्यानंतरच्या आठवड्यांत काय झालें, याविषयीं हेच म्हातारे गप्प होत. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनें चौकशी करून लिहिलें कीं, पोलिस कारवाईच्या वेळीं व नंतर संस्थानांत कमींत कमी २७ ते ४० हजार माणसें मारलीं गेलीं. त्यांत फार मोठा भाग मुसलमानांचा. आणि सर्वांत अधिक पोळलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचें नांव होतें. तो वृत्तांत कित्येक वर्षें लोकांपुढें आला नव्हता. घराणें आपल्यावर झालेला जुलूम जपून ठेवितें, आणि शेजाऱ्यावर झालेला विसरतें. हें केवळ सोनारीकडचें नव्हे, मनुष्यमात्राचें आहे. पापनिवेदनाच्या आसनावर बसणाऱ्या आम्हां धर्मगुरूंस हें निराळें सांगावयास नको. म्हणून वृद्धांस विचारतांना, “आपण काय सोसलें?” याबरोबरच “शेजारच्या घरीं काय झालें?” हेंही हळूच विचारावें. उत्तर न मिळालें तरी प्रश्न लिहून ठेवावा.

बहात्तर साल

म्हाताऱ्याची ब्याऐंशी वर्षें झालीं, आणि पुन्हां दुष्काळ आला. १९७२ च्या दुष्काळाची आठवण आज साठी उलटलेल्या सर्वांस आहे: अमेरिकेहून आलेली लाल मिलो, कामावर वांटलेली सुकडी, फोडलेली खडी, पाझर तलावांचे मातीचे बांध. मे १९७३ मध्यें महाराष्ट्रांत सुमारें ५० लक्ष माणसें दुष्काळी कामांवर होतीं. परंतु ज्यानें १८९९ पाहिला होता, त्याच्या आठवणीची येथें खरी किंमत कळते. कारण दोन्हींची तुलना तोच करूं शकत होता. विहिरी दोन्ही वेळां आटल्या. भाकर दोन्ही वेळां तुटली. परंतु बहात्तरांत माणसें किड्यामुंगीसारखीं मेलीं नाहींत. वि. स. पागे यांच्या कल्पनेंतून निघालेली रोजगार हमी योजना याच काळांत उभी राहिली, व पुढें १९७७ सालीं तिचा कायदा झाला. उपाशी माणसास भीक न देतां काम मागण्याचा हक्क द्यावा, हें तत्त्व महाराष्ट्रानें देशास दिलें. दुष्काळ देवाच्या हातीं, परंतु दुष्काळांतील मरण पुष्कळ अंशीं माणसांच्या हातीं, हा धडा त्या एका आयुष्याच्या दोन टोंकांवर लिहिलेला आहे.

मध्यंतरींच्या लहान लहान गोष्टीही अशाच. मोट गेली व पंप आला; पेवांतली ज्वारी गेली व पोत्यांतली आली; मोहोळच्या केंद्रांत निवडलेली मालदांडी शाळू टिकली, परंतु १९६५ च्या पुढें आलेल्या हायब्रीड ज्वारीच्या भाकरीस म्हाताऱ्यांनीं नांवें ठेविलीं. याच्या नोंदी सरकारी अहवालांत एकरांच्या आंकड्यांनीं मिळतील. त्या भाकरीची चव मात्र घरांतच मिळेल. आणि ती सांगणारी बहुधा आजी असेल. शेतकऱ्याच्या नांवें शेत, म्हणून त्याची आठवण काढितात. परंतु पेरणीस बी किती राखलें, कोणत्या साली दागिना मोडला, कोणतें मूल कोणत्या तापांत गेलें, हा हिशेब तिच्याजवळ. हेमा राईरकर व त्यांचे सहकारी यांनीं महाराष्ट्रांतील खेड्यांतून जात्यावरच्या एक लक्षाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ज्या बायांस कोणी अक्षर शिकविलें नाहीं, त्यांनीं किती जपून ठेविलें होतें, हें त्यावरून दिसतें.

आपली वही

आपणां कॅथलिकांस या कामीं एक सोय मिळालेली आहे, ती पुष्कळांस नाहीं. ट्रेंटच्या धर्मसभेनें १५६३ सालीं विवाहाची नोंद ठेवण्याचा नियम केला. १६१४ च्या रोमन विधिग्रंथानें बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह, कुटुंबांची स्थिति व मृत्यु अशा पांच वह्या प्रत्येक धर्मगुरूनें ठेवाव्या असें सांगितलें. सरकारनें जन्ममृत्यूच्या नोंदीचा सबंध देशास लागू असा कायदा केला तो १९६९ सालीं. सोनारीच्या शेतकऱ्याचा जन्म जेथें दुष्काळावरून काढावा लागतो, तेथें आपल्या शेतकऱ्याचा वहींत सांपडतो. बापाचें नांव, आईचें नांव, साक्षीदार, गांव, दिवस. परंतु वही सन सांगते, गोष्ट सांगत नाहीं. एका ओळींत मनुष्य जन्मतो, दुसऱ्या ओळींत पुरला जातो. मधलीं नव्वद वर्षें कोरीं. तीं कोरीं वर्षें ज्यांच्या तोंडीं आहेत, ते आपल्या ओसरीवर बसलेले आहेत. आम्हांस दर वर्षीं अशा कांहीं वृद्धांस अंत्यविधीनें निरोप द्यावा लागतो, आणि प्रत्येक वेळीं न लिहिलेलें एक पुस्तक मातीखालीं जातें.

म्हणून धर्मग्रामांतील प्रत्येक घरास आमची विनंति आहे. या ज्युबिलीच्या वर्षांत घरांतील सर्वांत वृद्ध मनुष्याजवळ, आजोबा असोत कीं आजी, चार संध्याकाळ बसावें. पहिल्या संध्याकाळीं दुष्काळ विचारावे. दुसऱ्या संध्याकाळीं रोग व मरण. तिसऱ्या संध्याकाळीं जमीन, विहीर, कर्ज व बैल. आणि चौथ्या संध्याकाळीं शेजारी. जें सांगतील तें त्यांच्याच शब्दांत लिहावें. सुधारूं नये, शोभवूं नये. सन त्यांस विचारूं नये. तो मागाहून सातबारा, फेरफार, शाळेचा दाखला व आपल्या देवळांतील वह्या यांवरून आम्ही मिळून लावूं. पेटींतील जुने कागद, फसली असोत कीं मोडी असोत, फाडूं नयेत, घेऊन यावे. धर्मगुरूच्या घरीं त्यासाठीं एक कोरी वही ठेविली आहे. तिच्या पहिल्या पानावर कोणाच्या घराचें नांव यावें, हें मात्र आम्हीं अजून ठरविलेलें नाहीं. जो प्रथम येईल, त्याचें.